शाफ्टवाला बोर्ड

आमच्या घरी शुक्रवारी सगळे विनाकारण ओरडून बोलायचे. आठवडाभर भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम चालू असायचे आणि त्यांच्या खटखटाटावर आवाज चढवायची सगळ्यांना सवय झालेली. शुक्रवारी सुट्टीला लूम बंद राहायचे, पण घसे काही खाली यायचे नाहीत. आईनं नुसतं मीठ मागितलं तरी दारातल्या पाहुण्याला वाटायचं, आत जुंपली आहे. लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा सासूबाईंनी आडून आडून विचारलं होतं, तुमच्याकडे कुणाला कमी ऐकू येतं का? मी म्हटलं, कमी नाही, आमच्याकडे सगळ्यांना जास्तच ऐकू येतं. ते खरंही होतं. चालू लुमांतला एखादा बंद पडला की आई भाकरी थापता थापता हात थांबवायची आणि म्हणायची, "कोपऱ्यातला ग्येला." मग थोड्या वेळानं बाबा आत येऊन तीच बातमी सांगायचे आणि आई त्यांना चहा द्यायची.

भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या आमच्या घराची मागची भिंत आणि कारखान्याची पुढची भिंत एकच होती. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. त्यात बाबांचे लूम, ते चालवणारे उत्तरेकडचे कारीगर आणि सगळीकडे उडणारं कापसाचं तूस. ते तूस फटीफटीतून घरात यायचं. आई सुक्या जवळ्याची चटणी परतायला घेताना आधी ताटली शोधायची, कारण उघड्या कढईत तूस पडलं की ते जवळ्यापासून वेगळं काढता येत नाही. आमचा कॉम्प्युटर मधल्या खोलीत होता आणि त्याच्यावर आमच्याच लूमवरचं कोरं कापड घातलेलं असे. तरी त्याचा पंखा दर थोड्या दिवसांनी तुसानं भरायचा आणि मी तो जुन्या टूथब्रशनं साफ करायचे. आता त्या जागी कुठल्याशा कंपनीचं गोदाम आहे. माहेरी गेले की मी शांतपणे जेवते, पण ताटावर हात धरायची सवय मात्र गेलेली नाही.

कॉम्प्युटर दादाचा, पण त्यावर बसायचे मी. दादा माझ्याहून मोठा. त्याला कारखान्याचं वावडं होतं. धाग्याला गाठी मारायला आपला जन्म नाही, असं तो बाबांच्या तोंडावर म्हणायचा आणि शेडमध्ये पाऊल टाकायचा नाही. त्यानं व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि आसपासच्या गावांतल्या हळदी-लग्नांची शूटिंग घ्यायला लागला. कॅसेटवरचं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं, कापाकापी करायची, वर सिनेमातली गाणी टाकायची आणि सीडी काढायची, हे मिक्सिंगचं काम माझं. मी तेव्हा कॉलेजात होते, पण अभ्यासापेक्षा मला हेच जास्त यायचं. कॅसेट एकदा उतरवून झाली की ती मोकळी. दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट दुसऱ्याच्या हळदीला. धंद्यातले सगळेच असं करायचे.

गाणी टाकायचा एक नियमच होता म्हणा ना. आमच्याकडे लग्नात हळदीपासून सगळे विधी बायका धवले म्हणत म्हणत करतात. धवले म्हणजे लग्नाची जुनी गाणी, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. पण सीडीत तो आवाज कुणाला नको असे. "त्या म्हाताऱ्यांचं बंद कर, चांगलं गानं टाक," असं नवरदेवच येऊन सांगायचा. मग मी मूळ आवाज शून्यावर आणायचे आणि त्यावर नटनट्यांची गाणी ओतायचे. हळद लावणाऱ्या बायकांची तोंडं हलायची आणि आवाज यायचा भलत्याच कुणाचा. आम्हाला त्यात काही वावगं दिसायचं नाही.

अडचण होती वेगाची. एका लग्नाची सीडी तयार व्हायला तो जुना कॉम्प्युटर अख्खा दिवस खायचा, आणि मध्ये लाइट गेली की केलेलं सगळं पाण्यात. भिवंडीत तेव्हा लाइट पाहुण्यासारखी यायची आणि मालकासारखी जायची. लग्नसराईत दारात माणसं उभी राहायला लागली. म्हणून दादानं ठरवलं की स्वस्तातला नवा प्रोसेसर घ्यायचा आणि तो नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. असं करता येतं हे आम्ही सायबर कॅफेत वाचलं होतं. वाचलं मीच, दादानं फक्त 'स्वस्तातला महागासारखा पळतो' एवढंच ऐकलं. मी पुढचंही वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की या कामाला प्रोसेसरपेक्षा सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड नीट बघून घ्या, प्रोसेसरचा वेग वाढवला तरी बाकीच्यांचा वेग जागच्या जागी बांधून ठेवता येईल असाच घ्या. ते वाक्य मला पाठ झालं होतं. त्याचा अर्थ मात्र पुरता कळला नव्हता.

भिवंडीतल्या दुकानात मी दुकानदाराकडे तसा बोर्ड मागितला. शब्द सापडेना म्हणून म्हटलं, "लॉकवाला दाखवा." दुकानदार हसला. "मॅडम, बोर्ड को ताला कौन लगाता है?" मग त्यानं आतून कुणाला तरी विचारलं आणि सांगितलं की तसा एक येतो, पण मुंबईहून मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. दादानं माझ्याकडे पाहिलं. मे महिना चालू होता. "मंदे, प्रोसेसर तोच हाय ना? मग बोर्डाचं काय येवढं? तो येईपर्यंत सराई संपंल." समोर काउंटरवर दुसरा बोर्ड तयार होता, चकचकीत खोक्यात, वेग वाढवायची सोय असलेला. तो आम्ही घेतला. मी फार वाद घातला नाही, कारण दारात उभी असलेली माणसं मलाही दिसत होती.

शुक्रवारी लूम बंद असताना सगळं जोडलं. व्होल्टेज पुरेसं होतं. बाबा जेवून तिथंच बाजेवर बसले होते. हे चाललंय काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादानं त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं. "लूमची पुली बदलतो ना आपन, तसंच. मोटर तीच, तिच्यावरची पुली मोटी. लूम जास्त पलतो."

"धागं तुटतील," बाबा म्हणाले.

"थोडं गरम व्हतंय. पंखा मोटा लावलाय."

"मग बदल. येका लूमची पुली बदलली म्हनून बाजूच्याला काय व्हतंय? ज्याची त्याची मोटर हाय."

ते ऐकलं आणि माझ्या मनातली शंका मिटली. सायबर कॅफेतलं ते वाक्य मला डाचत होतं ते 'बाकीच्यांचा वेग' या शब्दांमुळे. पण आमच्या घरात कुणी कधी एकाची पुली बदलल्यावर दुसरा लूम पळालेला पाहिला नव्हता. मी कॉम्प्युटर चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावरचा वेगाचा आकडा वाढवला. कॉम्प्युटर चालू झाला, पळाला, आणि दुपारभरात एक अख्खं लग्न बाहेर पडलं. दादानं भिवंडीहून मिठाई आणली. त्या दिवसापासून आमच्या घरी त्या गोष्टीला 'पुली बदलली' असंच म्हणायचे.

नव्या पुलीवर उतरवलेली पहिली हळद कल्पीची. कल्पी माझी शाळेपासूनची मैत्रीण, आमच्या शेजारच्या आळीतली, आणि तिची आई भागी काकू म्हणजे गावातली धवलारीण. काकूचा आवाज जाड, थोडा चिरका, पण तिनं धवला सुरू केला की पोरंसुद्धा खेळायची थांबत. स्वतःच्या लेकीच्या हळदीला तीच म्हणणार होती. मांडव आमच्या कारखान्याला लागूनच पडला होता आणि दिवस शनिवारचा, म्हणजे लूम चालू. मी त्या गर्दीत कल्पीच्या मागेच बसले होते. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते कल्पीच्या पायांना लावलेली हळद आणि शेजारच्या चुलीवरचा वड्यांचा वास. काकू काय म्हणाली, कसं म्हणाली, ते मी ऐकूनही ऐकलं नाही. रोज ऐकू येणाऱ्या माणसाला कोण कान देऊन ऐकतो?

कल्पीला गणेशपुरीकडे दिली होती. तिची सीडी मी मनापासून केली, वर चांगली चांगली गाणी टाकली. तिच्या नवऱ्यानं एक-दोन ठिकाणी बदल सांगितले होते, म्हणून मूळ शूटिंग मी पुसलं नाही, ते कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर तसंच ठेवलं. कॅसेट पुढच्या हळदीला गेली.

पावसाळा लागला आणि कॉम्प्युटर मध्येच अडकायला लागला. एखादं शूटिंग उघडायचं आणि अर्ध्यात थिजायचं. एकदा तो बंद पडून पुन्हा चालू झाला तेव्हा त्यानं आपणहून डिस्क तपासायला घेतली, पडद्यावर ओळींवर ओळी सरकल्या. दादा म्हणाला, बघ, स्वतःच दुरुस्त करतोय. आम्ही दोष दिला लाइटीला. भिवंडीत काहीही बिघडलं तर लाइटीला दोष द्यायची सोय असते आणि दहातल्या नऊ वेळा तो बरोबरच असतो.

श्रावणात भागी काकू गेली. कावीळ झाली होती. झाडपाल्याचं औषध घेत राहिली आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिचं दिवसकार्य झालं आणि त्यानंतरच्या शुक्रवारी कल्पी आमच्याकडे आली. हातात तिच्या हळदीची सीडी, तिचं कव्हर हाताळून हाताळून मऊ झालेलं. आईनं तिला जवळ घेतलं, चहा दिला. तो तिनं तसाच ठेवला.

"मंदे, हिच्यात आय तोंड हालवतंय आन आवाज येतंय कोना हिरोनीचा," ती म्हणाली. "तेवढं गानं वरनं काढून दे ना. खाली आयेचा आवाज असंल."

तिनं ते अशा तऱ्हेनं सांगितलं, जणू भांड्यावर घातलेलं फडकं काढायचं आहे. आणि मीही म्हटलं, "असंल ना. पुढच्या शुक्रवारी ये, काढून ठेवते." मला खात्री होती. ती गेल्यावर मी लगेच बसले. हळदीच्या नावाचा कप्पा होता, पण आत काही उरलं नव्हतं. जे दोन-तीन तुकडे दिसत होते ते उघडले की हिरवा चौकोन यायचा आणि सगळं थिजायचं. मी एकेक पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. कल्पीच्या आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण आमच्या मधल्या खोलीत, आमच्याच लूमच्या कापडाखाली होतं.

पुढच्या शुक्रवारी ती आली तेव्हा दादानंच पुढं होऊन सांगितलं की मशीन बिघडलंय. त्याच्या पुढच्या शुक्रवारी लाइट नव्हती, ती खरंच नव्हती, आणि मला त्या लाइटीचे उपकार वाटले. कल्पी एस्टीनं यायची, ओटीवर बसायची, आईनं दिलेली भाकरी थोडी खायची आणि परत जायची. ती चिडत नव्हती, हेच सोसवत नव्हतं. "हुईल ना पन?" एवढं ती दादाला विचारायची आणि दादा "हुईल, हुईल" म्हणायचा. मला त्याचा संताप यायचा. ती गेल्यावर मी त्याला कॅसेटबद्दल बोलले, तर तो म्हणाला, "सगलेच पुसतात. मना काय सपान पडलं व्हतं काकू जानार म्हनून?" त्याचंही खरं होतं. तरी मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

एका शुक्रवारी, लूम बंद, लाइट भरपूर, दोष द्यायला कुणीच नाही, अशा वेळी नुकतंच उतरवलेलं ताजं शूटिंगही माझ्या डोळ्यांसमोर फुटलं. मी निळ्या पडद्यावर जाऊन आकडा होता तिथं खाली आणला आणि तीच कॅसेट पुन्हा उतरवली. नीट उतरली. तेव्हा ते वाक्य मला कळलं. आमच्या बोर्डावर प्रोसेसर ज्या ठोक्यावर चालायचा, त्याच ठोक्यावर हार्ड डिस्कचं लिहिणं-वाचणंही चालायचं. प्रोसेसर पळाला तशी डिस्कही पळवली गेली, आणि तिला ते झेपत नव्हतं. ती न बोलता चुकीचं लिहीत राहिली. मुंबईहून येणाऱ्या बोर्डात तिचा ठोका वेगळा बांधून ठेवायची सोय होती, तेच ते कुलूप.

मी हे बाबांना सांगितलं. मग त्यांना शेडचे जुने दिवस आठवले. आजोबांच्या काळात आमच्या शेडमध्ये एकच मोठी मोटर होती आणि छताखालून जाणाऱ्या एका लांब फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, सगळे लूम पट्ट्यांनी बांधलेले असायचे. मोटरची पुली बदलली की जाड धागा बारीक धागा न बघता सगळेच पळायचे. मी तो शाफ्ट पाहिला नव्हता, बाबांनी लहानपणी पाहिला होता.

"म्हंजे शाफ्टवाला व्हता," बाबा म्हणाले. "आपन ज्याच्या त्याच्या मोटरचा समजलो."

दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी तो जेवला नाही. आईनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि आम्हाला कुणाला काही बोलू दिलं नाही.

सायबर कॅफेतल्या एका मुलानं मला पुसलेलं परत काढायचा एक प्रोग्रॅम दिला. त्यातून जे निघालं ते बहुतेक दुसऱ्यांच्याच लग्नांचं, अर्धवट वराती, कुणाच्या तरी जेवणाच्या पंगती. काकूचा एकच तुकडा निघाला. तो मी हेडफोन लावून ऐकला आणि लगेच एका कोऱ्या सीडीवर उतरवून ठेवला.

कल्पी त्यानंतर आली ती शुक्रवारी नाही, मधल्याच दिवशी, सासूबरोबर भिवंडीच्या बाजाराला आली होती तिथून निसटून. लूम चालू होते. दादा घरातच होता. आता मला खोटं बोलायचं नव्हतं. मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, "कल्पे, सगलं गेलं. मशीन जास्त पलवलं त्यानं गेलं. येवढासा तुकडा हाय."

मी हेडफोन पुढे केले, तर तिनं हात मागं घेतला. "असं कानात घालून नको. आयेचा आवाज घरात येऊ दे."

मी स्पीकर जोडले, आवाज पूर्ण वाढवला. पण भिंतीपलीकडून खटखटाट येत होता, त्याच्यात काही कळेना. कल्पी स्पीकरजवळ तोंड नेऊन बसली. मी पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग मागं दादाची चाहूल लागली, आणि तो निघून गेला. मला वाटलं, बघवलं नाही म्हणून गेला. थोड्या वेळानं कोपऱ्यातला लूम बंद झाला. आई चुलीपाशी हात थांबवून ऐकू लागली. मग त्याच्या बाजूचा बंद झाला. मग पुढचा. पलीकडून एका कारीगराचा आवाज आला, "लाइट तो है भाई, बंद क्यों किया?" जो माणूस वर्षानुवर्षं त्या शेडमध्ये शिरला नव्हता, तो एकेका लूमपाशी जाऊन तो थांबवत होता. शेवटचा थांबला तेव्हा घरात इतकं शांत झालं की पत्र्यावरचा कावळा ऐकू आला.

मी तुकडा लावला.

पडद्यावर काकू होती, हातात हळदीची वाटी, आणि मागं आमचेच लूम खटखटत होते. तिनं धवल्यासाठी तोंड उघडलं, थांबली, आणि भिंतीकडे वळून म्हणाली, "ओ भावजी, ते बंद करा ना जरा. माजाच आवाज मना ऐकू येत न्हाय." बायका हसल्या. मग त्या दिवशीचे लूम बंद व्हायला लागले, एक, मग दुसरा, बाबा आत जाऊन करत होते ते. काकू मान कलती करून वाट बघत राहिली. शेवटचा थांबला. ती खाकरली, छाती भरून श्वास घेतला, आणि तिथंच तुकडा संपला.

"फुडं?" कल्पीनं विचारलं.

"फुडं न्हाय."

ती पडद्याकडे बघत राहिली. "रोज सकाली अशीच खाकरायची," ती म्हणाली. "पुना लाव."

मी पुन्हा लावलं. पुन्हा लूम थांबले, पुन्हा काकू खाकरली. आई पदर तोंडाला लावून दारात उभी होती, तिच्यामागं बाबा. दादा आत आला नाही, कारखान्याच्या दारापाशीच उभा राहिला, केसांवर तूस पडलेलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा कारीगर त्याच्यापाशी येऊन हळूच विचारता झाला, "भाई, चालू करें?"

दादा म्हणाला, "रुक जा. काकू अभी गायी नहीं."